वाडग्याच्या काठावरची पात

१

मी परक्या दुकानात नूडल्स खात नाही. गर्व म्हणा हवं तर. रात्चाबुरीच्या बाजारात बावीस वर्षं माझा स्वतःचा नूडल्सचा गाडा आहे. दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावलं की मला आधी त्यातली चोरी दिसते. हाडं कमी, साखर जास्त. मग घास घशाखाली उतरत नाही. लांबच्या प्रवासाला निघाले की मी चिकट भात आणि तळलेलं डुकराचं मांस केळीच्या पानात बांधून घेते आणि पिकअप चालवता चालवताच खाते.

त्या दिवशीही घेतलं होतं. सोंगक्रान, आमचा नव्या वर्षाचा पाण्या-पावडरीचा सण, होऊन चार दिवस झाले होते, ट्रकांच्या काचांवर अजून लोकांनी फासलेली पांढरी पावडर होती. मी माझ्या धाकट्या बहिणीला, पुईला, लाम्पांगहून कायमची माझ्याकडे घेऊन चालले होते. मागे तिचं कपाट, शिलाई मशीन आणि एक पंखा. शेजारी ती. सदतीस किलो वजनाची.

तिचा नवरा थावोन दहा चाकी ट्रक चालवायचा. आदल्या मे महिन्यात तो गेला. रस्त्याच्या कडेला गाडी लावून डुलकी काढायला केबिनमध्ये आडवा झाला आणि उठलाच नाही. याच महामार्गावर कुठंतरी. कितव्या किलोमीटरवर ते कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं, पण मी ते लक्षात ठेवलं नाही. तेव्हापासून पुईनं खाणं टाकलं. पाण्यातला भात, अर्धं केळं, एवढ्यावर अकरा महिने.

थावोन मला आवडायचा, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही. माझ्या गाड्यावर आला की तो पुईचा वाडगा आधी स्वतःकडे ओढायचा. साखर दोन चमचे, मिरचीची पूड अर्धा, व्हिनेगरमधली मिरची नको, नुसतं पाणी. आणि पुईला कांद्याची पात आवडत नाही म्हणून काड्यांनी एकेक तुकडा वेचून बाहेर काढायचा. तो वेचत असताना नूडल्स फुगून दुप्पट व्हायचे. सगळे काढून झाले की एक तुकडा वाडग्याच्या काठावर चिकटवून ठेवायचा. मुद्दाम. पुई ओरडायची, तो हसायचा.

"तिची सगळी पात काढतोस आणि मी चिरून चिरून मरते," मी म्हणायचे.

"आणि तुम्ही ताई, न चाखताच व्हिनेगर ओतता. स्वतःच्या हातच्या रश्श्यावर तरी विश्वास ठेवा!"

"सवय आहे."

"जित्याची खोड," तो म्हणायचा.

खरंच खोड आहे. वाडगा समोर आला की माझा हात आधी बरणीकडे जातो. सगळ्यांचाच जातो, पण माझा जरा जास्तच. माझं व्हिनेगर मी स्वतः घालते, हिरव्या-लाल मिरच्यांचं, नाकातले केस जळतील असं. गाडीत त्याची एक बरणी कायम असते.

वाटेतलं कांफेंग फेत यायला तासभर होता. दुपारचे साडेबारा. पुई काचेला डोकं टेकून बसली होती, ती एकदम सरळ झाली.

"ताई, भूक लागली."

मी ब्रेकच मारला.

२

पुढ्यात दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, लाकडी टेबलं, समोर तीन ट्रक उभे. ट्रकवाले थांबतात तिथं पोट बिघडत नाही हा रस्त्याचा नियम आहे. त्यातून अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्या पोरीच्या तोंडून भूक हा शब्द आला होता. माझा गर्व गेला चुलीत.

आत सात-आठ माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसून खात होती. छताचे पंखे फिरत होते. आम्ही भिंतीजवळ बसलो आणि सवयीनं माझा हात टेबलाच्या मध्याकडे गेला. तिथं काहीच नव्हतं.

चार बरण्यांची तबकडी नव्हती. साखर, मिरचीची पूड, माशाचा सॉस, मिरचीचं व्हिनेगर. ती तबकडी नसलेलं नूडल्सचं दुकान मी जन्मात पाहिलेलं नाही. एकवेळ खुर्च्या नसतील, छप्पर नसेल, पण तबकडी असते. नूडल्स करणाऱ्यानं अर्धे करायचे आणि उरलेले अर्धे खाणाऱ्यानं, अशी आमची रीत आहे. मी शेजारचं टेबल पाहिलं, त्याच्या पलीकडचं पाहिलं. कुठंच नव्हती.

मनात पाल चुकचुकली, पण मी स्वतःला समजावलं. सोंगक्रानच्या गर्दीत संपल्या असतील. धुवायला नेल्या असतील.

मालकीण आली. माझ्याच वयाची, गोल चेहऱ्याची, हसरी.

"या ताई, बसा. दोन ना?"

"दोन. पण आधी विचाराल तरी! जाड नूडल्स की बारीक? रस्सा की कोरडे?"

"आणते की," ती म्हणाली आणि गेली.

विचारलं नाही. बावीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला न विचारता वाडगा भरलेला नाही, सख्ख्या आईलासुद्धा नाही. आणि तिचा एप्रन. पांढरा, डागाचा पत्ता नाही. माझा एप्रन सकाळी नऊलाच असा होतो की कुत्रं चाटेल.

"काय बघतेस एवढं?" पुई म्हणाली. "तुला सगळीकडे खोटच दिसते."

"एप्रन बघतेय."

"चोरून ने मग एक."

ती थट्टा करत होती. मी एप्रनचा विचार सोडून दिला.

३

मी गाडीतून माझी बरणी घेऊन परत आले तोवर वाडगे आले होते.

माझ्यापुढे बारीक नूडल्स, रस्सा कमी, तळलेला लसूण जास्त. मी खाते तसेच. योगायोग असेल. बरणीचं झाकण काढलं आणि तीन चमचे व्हिनेगर ओतलं. चाखलं बिखलं काही नाही.

"अरे!" मालकीण काउंटरवरून म्हणाली. हसू तसंच होतं, आवाज मात्र घसरला होता. "चाखून तरी बघायचं होतंत ताई. घालायला काही उरलं नव्हतं."

"ते माझी जीभ ठरवते."

"सगळ्यांना आवडतं हो इथलं."

"सगळे म्हणजे मी नव्हे."

मी पहिला घास घेतला. व्हिनेगर टाळूला झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं. मी कागदासाठी टेबलावरच्या रिळाकडे हात नेला. रीळ पूर्ण भरलेलं होतं, पहिली घडीसुद्धा कुणी फाडलेली नव्हती. वर पंखा जोरात फिरत होता आणि कागदाचं टोक हलत नव्हतं.

मी बाकीच्या टेबलांकडे पाहिलं. त्यांचीही रिळं भरलेलीच. टेबलांखालच्या टोपल्यांत चोळामोळा केलेला एक कागद नाही. आणि मग लक्षात आलं की मघापासून मला काय खटकत होतं. दुकानात कुणी शिंकलं नव्हतं. कुणी खोकलं नव्हतं, नाक शिंकरलं नव्हतं, तिखट लागून हाय केलं नव्हतं, बर्फ मागितला नव्हता. एप्रिलची दुपार आणि कुणाच्या कपाळावर घाम नाही. मी शिंका-खोकल्यांचा तोच आवाज ऐकत म्हातारी होत चालले आहे. नूडल्सचं दुकान म्हणजे निम्मं सर्दीचं दुकान. इथं फक्त काड्या वाडग्याला लागत होत्या, टिक, टिक, सगळ्यांच्या अगदी सारख्या.

"पुई," मी हळूच म्हटलं, "खाऊ नकोस."

तिनं ऐकलं नाही. ती वाडग्याकडे बघत बसली होती. वाडग्यात पातीचा एकही तुकडा नव्हता.

एक काठावर होता. चिकटवून ठेवलेला.

४

पुईनं शांतपणे तो तुकडा उचलून टेबलावर ठेवला आणि खायला लागली. किती दिवसांनी पाहत होते मी तिला असं खाताना. गाल भरून, डोळे मिटून. माझ्यातल्या बहिणीला वाटत होतं, खाऊ दे. देवा, खाऊ दे तिला. माझ्यातल्या नूडल्सवालीला वाटत होतं की हा वाडगा उचलून रस्त्यावर भिरकवावा.

"दोन चमचे साखर," ती म्हणाली. "अर्धा चमचा पूड. नुसतं व्हिनेगरचं पाणी."

"असे खाणारे पुष्कळ असतील."

"आणि पात?"

मी टेबलावरच्या त्या तुकड्याकडे पाहिलं.

"तो आत आहे, ताई."

"पुई, त्याला आपण जाळलंय. राख मी माझ्या हातानं नदीत सोडली. तू शेजारी होतीस."

"माहितीय मला," ती चिडून म्हणाली. "मी काय वेडी आहे? माहितीय. तरी तो आत आहे."

वाडगा संपला. मालकीण न बोलावता दुसरा घेऊन आली. तसाच. काठावर तुकडा. पुई मालकिणीकडे बघून हसली आणि तिचं हसू मला मालकिणीच्या हसण्यासारखं दिसलं. कपाळावरचा घाम सुकला होता. मी तिचा हात धरला तर गार.

"चल, उठ."

"तू जा पुढं."

"काय?"

"तू जा ना ताई. तुझा गाडा आहे, गिऱ्हाइकं आहेत. मी बसते इथं. मला इथं भूक लागते."

"राहू दे हो तिला," मालकीण म्हणाली. "बाळ खातंय ना? तुमच्याच्यानं अकरा महिन्यांत झालं नाही ते."

अकरा महिने. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पुईनंही नाही. पण खरं सांगते, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. मला राग आला. अकरा महिने मी दर रविवारी सहाशे किलोमीटरवरून फोनवर रडले होते, भात शिजवायला सांगितला होता, देवाला नवस बोलले होते, आणि ही बिनडागाच्या एप्रनची बाई मला टोमणा मारत होती.

मी उठले आणि काउंटरच्या मागच्या पडद्याकडे गेले.

"ताई, तिकडं गिऱ्हाइकं जात नाहीत," ती म्हणाली.

"मी गिऱ्हाईक नाही. मी धंद्यातली आहे."

५

पडदा जाड होता, निळ्या फुलांचा. पलीकडून गॅसचा आवाज येत नव्हता. ऊन रश्श्याचा वास नव्हता. मी वीतभर बाजूला केला.

आत बेताचा उजेड. चूल नव्हती, पातेलं नव्हतं. एका ठेंगण्या स्टुलावर कुणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. फिकट निळा शर्ट, ट्रकवाले घालतात तसा, पाठीवर बसून बसून चुरगळलेला. मांडीवर वाडगा. मान खाली. उजव्या हातात काड्या, आणि तो वाडग्यातून काहीतरी वेचत होता. एकेक. घाई नाही.

त्याच्या शेजारी ढीग होता. पातीच्या तुकड्यांचा. वरचे हिरवे, खालचे पिवळे, त्याखाली काळे, आणि अगदी तळाचे जमिनीला चिकटून गेलेले. ढीग माझ्या गुडघ्याएवढा होता.

मला त्याचं नाव घ्यायचं होतं. तोंड उघडलं, पण हाक मारली तर तो मान वळवेल, आणि मान वळवली तर काय दिसेल, हे मला नको होतं. काड्या थांबल्या. त्यानं एक तुकडा उचलून वाडग्याच्या काठावर नीट चिकटवला. मग डावा हात तो वाडगा घेऊन मागे आला, माझ्या दिशेनं, कुणीतरी घेऊन जाईल अशा खात्रीनं. नखं पातीच्या रसानं हिरवी झाली होती.

मी पडदा सोडला.

तो थावोन होता की त्याच्यासारखं करून दाखवणारं दुसरं काही, हे मला आजही सांगता येत नाही. असता तर त्यानं ताई म्हणून हाक मारली असती, असं मी स्वतःला सांगते. पण मीही त्याला हाक मारली नव्हती.

६

परत आले तेव्हा पुई तिसऱ्या वाडग्यावर होती.

मी बरणी उचलली आणि तिच्या वाडग्यात उपडी केली. चमच्यानं नाही. पाव बरणी, मिरच्यांसकट, बियांसकट.

"काय केलंस!" पुई किंचाळली. "काय केलंस तू! त्याच्या हातचं..."

"घास घे."

"नाही!"

"त्याच्या हातचं टाकणार आहेस? घे घास. मग खुशाल राहा इथं. मी अडवणार नाही."

ते खोटं होतं. खांद्यावर टाकून नेलं असतं मी तिला. पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी थावोनला दुसऱ्यांदा जाळत होते, आणि काड्या भरून घास तोंडात घातला.

एक क्षण काहीच झालं नाही. मग तिचे कान लाल झाले. डोळे भरले. ती खोकली, पुन्हा खोकली, नाकातून पाणी आलं, आणि ती अशी शिंकली की वाडगा टेबलावरून हलला.

आमच्याकडे म्हणतात, शिंक आली की कुणीतरी आठवण काढतंय. काढत होते. मी तिच्या समोर उभी राहून काढत होते.

दुकानातल्या सगळ्या काड्या थांबल्या. ती शांतता मला जन्मात विसरता यायची नाही. पुई ढसाढसा रडायला लागली, तोंडानं श्वास घेत, लाळ गाळत, तान्ह्या पोरासारखी. अंत्यविधीलासुद्धा ती अशी रडली नव्हती. तिच्या कपाळावर घाम फुटला. मी रिळाचा कागद ओढला आणि तिचं नाक पुसलं.

"चल," मी म्हटलं. ती उठली.

मालकीण दारात होती. हसू तेच. "ताई, असं कुणाचं अन्न बिघडवू नये."

"बिघडवायला माणसाला मोकळीक असते, त्यालाच नूडल्सचं दुकान म्हणतात. तुझ्याकडे चार बरण्या नाहीत बाई. तू कसलं दुकान चालवतेस?"

ती बाजूला झाली नाही. मी तिला खांद्यानं ढकललं. खांदा लागला तेव्हा वाटलं, ओल्या कापडाला लागला. बस्, तेवढंच.

दाराजवळच्या टेबलावर एक ट्रकवाला बसला होता. पन्नाशीचा, गळ्यात ताईत. त्यानं आपला वाडगा दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला. बोलताना त्याचे ओठ नीट हलत नव्हते, वापरात नसल्यासारखे.

"ताई," तो म्हणाला, "थोडं मलाही."

त्याच्या मागच्या टेबलावरच्या माणसानंही वाडगा उचलला होता.

मी बरणी त्याच्या पुढ्यात ठेवली. झाकण उघडं. "सगळ्यांना द्या," मी म्हटलं, आणि पुईला ओढत बाहेर आले.

पिकअप सुरू केली, रस्त्याला लागले. काच उघडीच होती. मागून एक शिंक ऐकू आली. मग आणखी एक. मग लागोपाठ दोन-तीन.

मी आरशात पाहिलं नाही.

७

पुई दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, नको बोलूस, पण खा. ती खायला लागली. आता गाड्यावर माझ्यासोबत असते, शिलाई मशीन संध्याकाळी चालवते. एक्कावन्न किलो. स्वतःच्या वाडग्यात स्वतः साखर घालते, आणि दोनच्या ऐवजी एक चमचा घालते.

पडद्याआड मी काय पाहिलं ते तिला सांगितलेलं नाही. बरणी मी बाहेरच्या माणसांना दिली. आत बसलेल्याला दिली नाही. बहिणीला घेऊन पळाले आणि त्याला तिथं वाडगा पुढं करून बसलेला सोडलं. कधी कधी वाटतं, तो तो नव्हताच. कधी कधी वाटतं, ही तर माझी सोय.

गेल्या आठवड्यात मी पुईचा वाडगा भरला. माझ्या हातानं, माझ्या पातेल्यातून. पात त्या दिवशी बाजारातून आणलीच नव्हती, फार महाग होती. वाडगा तिच्यापुढे ठेवायला वळले तर काठावर हिरवा तुकडा. नीट चिकटवलेला.

पुई टेबल पुसत होती. तिनं पाहायच्या आत मी तो उचलला आणि तोंडात टाकला. चावला. भ्यायचं तर त्या दुकानवाल्यांनी भ्यावं, माझ्या गाड्यावर येऊन कुणी वाडगे सजवायचे नाहीत.

त्याला चवच नव्हती. ना तिखट, ना आंबट, ना कांद्याची. माझं व्हिनेगर पडद्याआड बसलेल्यापर्यंत पोचलं नव्हतं.

सोंगक्रानला नऊ दिवस उरले आहेत. पुईला मी सांगितलंय की तिच्या घराची राहिलेली कागदपत्रं आणायला लाम्पांगला जातेय, एकटीच. मिरच्या परवाच चिरल्या, या वेळी बियांसकट दुप्पट. बरणी गाडीत आहे. ती मी कुणा ट्रकवाल्याच्या हाती देणार नाही, पडद्याच्या आत घेऊन जाणार आहे. तोंड उघडून त्याला नावानं हाक मारीन, आणि तो वळला की जे दिसेल ते बघीन.

चाखून बघायला सांगू दे खुशाल त्या बाईला.